वाफेनं ताण जातो का?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



विषय कळल्यावर कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांनी आम्हाला विचारलं, "गणपतीत हे कशाला? त्यापेक्षा संगीतावर बोला की." ग्वाल्हेरच्या माणसाला संगीतावर बोला म्हटलं की रात्र पुरत नाही, हे खरं. पण समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरात सतरा ते तेवीस या वयाचं कुणी ना कुणी आहे, नाहीतर वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतं आहे. म्हणून हाच विषय धरला. आम्हा दोघांपैकी एकाचं आयुष्य विद्यार्थ्यांना शिकवण्यात गेलं, दुसरीचं छातीचे रुग्ण तपासण्यात. गेल्या काही वर्षांत रात्री जेवताना दोघांच्या गोष्टी एकाच मुलाविषयी असाव्यात अशा वाटू लागल्या. इकडे वर्गात मागे बसून सारखा बाहेर जाणारा मुलगा, तिकडे दवाखान्यात "खोकला जात नाही, धाप लागते, पण सिगरेट ओढत नाही हो मी" असं सांगणारा मुलगा.

आपल्यातली बरीच कुटुंबं लष्करातले जुने वाडे सोडून इकडे सिटी सेंटरला आली. कुणी पार्किंगसाठी, कुणी वाड्याच्या वाटण्या झाल्या म्हणून. जिवाजी विद्यापीठ 1964 साली स्थापन झालं तेव्हा हा भाग गावाबाहेरचा होता. आज विद्यापीठ वस्तीच्या मधोमध आहे. त्याशिवाय गजरा राजा मेडिकल कॉलेज 1946 पासूनचं, माधव इन्स्टिट्यूट आणि शारीरिक शिक्षणाचं लक्ष्मीबाई कॉलेज दोन्ही 1957 ची, ट्रिपल आयटी 1997 ची, आणि 2008 साली तर कृषी आणि संगीत-कला अशी दोन विद्यापीठं एकाच वर्षी आली. खासगी विद्यापीठं वेगळीच. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी, गुना, सगळीकडची मुलं इथे येतात. त्यांना राहायला खोली लागते, आणि खोली आपल्याकडे असते. निवृत्तीनंतर वरच्या दोन खोल्या मुलांना देऊन पेन्शनला हातभार लावणारी किती घरं या सभागृहात आहेत, ते हात वर करायला सांगून विचारत नाही. आमचंही त्यातलंच आहे.

आणि आपली स्वतःची मुलं कुठे आहेत? पुण्यात, इंदूरला, बंगळुरूला, कुणाच्या तरी वरच्या मजल्यावर. तिथली घरमालकीण त्यांच्याकडे कशी बघत असेल, हा विचार आजच्या भाषणात मधूनमधून मनात ठेवावा.

तंबाखू आपल्याला नवी नाही, हे आधी कबूल करू. आपल्या आजोबांच्या पिढीत चंची आणि अडकित्ता बैठकीत मानानं असायचा. तपकिरीची डबी असायची. पुष्कळ आज्या मिश्री लावायच्या, आणि ती दातांसाठी म्हणून लावायच्या, व्यसन म्हणून नाही, असं त्याही शपथेवर सांगायच्या. मग गुटखा आला. गुटख्यावर बंदी घालणारं देशातलं पहिलं राज्य आपलं मध्य प्रदेश, 1 एप्रिल 2012 पासून. बंदीनंतर काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. एका पुडीच्या दोन पुड्या झाल्या, पान मसाला वेगळा आणि तंबाखू वेगळी, आणि गिऱ्हाईक दोन्ही हातावर एकत्र करून खातं. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले 28.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, आपल्या राज्यात 34.2 टक्के. तेव्हा नव्या पिढीनं काहीतरी भयंकर नवीन आणलं, असा आव आपण आणू नये. जुन्याच मालाला नवा डबा मिळाला आहे. मात्र तो डबा फार हुशारीनं बनवला आहे, म्हणून त्याच्याविषयी थोडं सविस्तर.

मुलं त्याला व्हेप म्हणतात. कधी पेनासारखा, कधी पेन ड्राइव्हसारखा, कधी हायलायटरसारखा रंगीत. आत एक बॅटरी, एक बारीक तारेचं वेटोळं आणि द्रव. ओढलं की तार तापते, द्रवाचे अगदी बारीक तुषार होतात आणि ते छातीत जातात. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासासाठी रसायनं आणि निकोटिन. जाळ नाही, राख नाही, तंबाखूचा वास नाही. आंबा, पुदिना, कलिंगड असा वास येतो. आमच्या ओळखीच्या एका घरी तर कित्येक महिने आई समजत होती की मुलगा खोलीत रूम फ्रेशनर मारतो. विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अरे मम्मी, ये तो बस स्टीम है." स्टीम म्हणजे पाण्याची वाफ. हा पाण्याचा थेंब नव्हे, एवढं तरी प्रत्येक आईला माहीत असावं.

सिगरेटपेक्षा यात जळण्यातून निघणारी विषं कमी असतात, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मुलांना ते आपल्याआधी माहीत असतं, आणि आपण एक गोष्ट फुगवून सांगितली की ती बाकीच्या नऊ ऐकत नाहीत. घोटाळा निकोटिनचा आहे. पूर्वीच्या ई-सिगरेटमध्ये निकोटिन जास्त घातलं तर घसा जळायचा, माणूस आपोआप थांबायचा. 2015 च्या सुमारास अमेरिकेत एका कंपनीनं निकोटिनमध्ये आम्ल मिसळून त्याचा क्षार वापरायला सुरुवात केली. घसा जळेनासा झाला, आणि एका छोट्याशा नळीत जवळजवळ सिगरेटच्या पाकिटाइतकं निकोटिन भरता येऊ लागलं. नंतर सगळ्यांनी तेच उचललं.

दुसरी गोष्ट आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटते. सिगरेट संपते. पाच-सात मिनिटांत विझते, दुसरीसाठी खोलीतून उठून टपरीपर्यंत जावं लागतं, वाटेत कुणी काका भेटतील ही भीती असते. व्हेपला शेवट नाही. उशीखाली असतो, रात्री दोन वाजता पांघरुणात ओढता येतो, लायब्ररीच्या बाथरूममध्ये ओढता येतो. आज किती ओढली, हे त्या मुलाला स्वतःलाच सांगता येत नाही. दवाखान्यात "दिवसाला किती?" हा प्रश्न आम्ही पूर्वी प्रत्येक सिगरेटवाल्याला विचारायचो आणि उत्तर मिळायचं. या मुलांना विचारलं की ती एकमेकांकडे बघतात.

आता कायदा. सप्टेंबर 2019 मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगरेट बनवणं, आणणं, विकणं, ऑनलाइन विकणं, तिची जाहिरात करणं, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. साठवणुकीला सहा महिने किंवा पन्नास हजार. ओढणाऱ्याला शिक्षा सांगणारं वेगळं कलम त्यात नाही. कायद्याचा रोख विकणाऱ्यावर आहे, आणि आमच्या मते तो तिथेच असावा. मुलाच्या बॅगेत सापडलं म्हणून "पोलिसांत देतो" अशी धमकी देणारे वडील आम्ही पाहिले आहेत. त्यातून एवढंच होतं की पुढच्या वेळी ते मित्राच्या बॅगेत असतं.

बंदीचा एक परिणाम मात्र लक्षात घ्यायला हवा. जे मिळतं ते चोरून येतं. पाकिटावर काय लिहिलं आहे याला अर्थ नाही, आत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. अमेरिकेत 2019 साली तरुण मुलं अचानक फुफ्फुसाच्या तीव्र आजारानं रुग्णालयात येऊ लागली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,800 हून अधिक रुग्ण दाखल झाले, 68 दगावले. मुख्य कारण निघालं ते गांजाच्या अर्काच्या नळ्यांमध्ये मिसळलेलं ई-जीवनसत्त्वाचं एक तेलकट रसायन, आणि त्यातल्या पुष्कळ नळ्या मित्रांकडून किंवा चोरबाजारातून घेतलेल्या होत्या. आपल्याकडे हे असंच होईल असं आम्ही म्हणत नाही. लेबल नसलेली गोष्ट छातीत ओढण्याचा धोका कशाला म्हणतात, ते यावरून कळतं.

पण मुलं हे ओढतात का? आम्ही विचारलं. एका वाक्यात उत्तर येतं, "टेन्शन कम होता है." या उत्तराला हसू नये. त्या वयात आपण काय काळजी करत होतो, आणि ही मुलं काय करतात, यात फरक आहे. पूर्वी वर्षाला एक परीक्षा होती. आता सेमिस्टर आहे, म्हणजे मुलगा कायम कुठल्या तरी परीक्षेच्या पंधरा दिवस आधी किंवा पंधरा दिवस नंतर असतो. हजेरीचा आकडा भरायचा, प्रोजेक्ट भरायचं, एखादा पेपर राहिला की तो पुढच्या सेमिस्टरमध्ये सोबत चालतो. कधी निकाल लांबतो आणि पुढच्या प्रवेशाची तारीख निघून जाते. कॉलेज करता करता संध्याकाळी लक्ष्मीबाई कॉलनीत स्पर्धा परीक्षेचा क्लास, रात्री महिन्याच्या भाड्याच्या लायब्ररीत नंबर लावलेली खुर्ची. आणि गावाकडून वडिलांचा फोन, "जमीन गहाण टाकली आहे, लक्षात ठेव."

आपल्या घरांत जमीन गहाण नसते, पण आपलं वेगळं असतं. हळदीकुंकवाला, भिशीला, श्रावणातल्या सवाष्णीच्या जेवणाला एकच गप्पा: अमक्यांचा पुण्यात पॅकेजवर लागला, तमक्यांची कॅनडाला गेली. आतल्या खोलीत बसलेल्या मुलाला भिंतीतून सगळं ऐकू येतं. ग्वाल्हेर सोडून गेला तो यशस्वी, राहिला तो राहिला, असा एक हिशेब आपण न बोलता मांडून ठेवला आहे. आम्हाला तो चुकीचा वाटतो, आणि आम्ही इथेच राहिलेले असल्यामुळे आमचा त्यात थोडा स्वार्थही आहे.

हा ताण किती खोल जाऊ शकतो ते सरकारी आकड्यांत दिसतं. 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. यात व्हेपचा काही संबंध आहे असं आम्ही सुचवत नाही. "टेन्शन" हा शब्द मुलांच्या तोंडी आला की आपण हात झटकू नयेत, एवढ्यासाठी सांगितलं.

तर प्रश्न उरतो की व्हेपनं ताण खरंच कमी होतो का. ओढणाऱ्याला तसं वाटतं, आणि ते खोटं सांगत नाहीत. निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, बरं वाटतं. पण साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं. मग सुरू होतं ते काय? चिडचिड, अस्वस्थपणा, लक्ष न लागणं, उगाच धास्ती. ही यादी नीट ऐका. अभ्यासाच्या ताणाचीही हीच लक्षणं. मुलाला वाटतं, पेपरचं टेन्शन आलं. खरं तर मागच्या झुरक्याचा असर उतरतो आहे. तो पुन्हा ओढतो, अस्वस्थपणा जातो, आणि त्याची खात्री पटते की यानं टेन्शन गेलं. सकाळी सावकाराकडून कर्ज घ्यायचं, दुपारी त्यातूनच त्याचं व्याज भरायचं, आणि सावकार किती भला, वेळेला उपयोगी पडतो, म्हणून त्याचे गोडवे गायचे, असा हा प्रकार आहे.

हे आमच्या मनचं नाही. अँडी पॅरट नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं 1999 मध्येच सिगरेटच्या संदर्भात हे मांडलं होतं. 2014 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 26 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. सिगरेट सोडणाऱ्यांची चिंता, उदासी आणि ताण, न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेले दिसले. मानसिक आजार असलेल्यांमध्येसुद्धा. हे अभ्यास सिगरेटचे आहेत, व्हेपचे नाहीत, पण मेंदूला निकोटिन कुठल्या नळीतून आलं याच्याशी कर्तव्य नसतं. शिवाय निकोटिन झोप उडवतं. परीक्षेच्या आठवड्यात जी एक गोष्ट हमखास उपयोगी पडते, तीच ते काढून घेतं. आणि मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वयात लागलेली सवय पक्की बसते.

इथे कुणीतरी हात वर करणार, म्हणून आधीच सांगतो. "आमचा भाचा लंडनला असतो, तिथे तर डॉक्टरच व्हेप घ्या म्हणतात." म्हणतात, बरोबर आहे. वीस-वीस वर्षं सिगरेट ओढणाऱ्याला ती सोडवण्यासाठी म्हणतात. तिथे द्रवात मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही, आणि मालाची नोंदणी असते. त्याच ब्रिटननं वापरून फेकायच्या व्हेपवर 1 जून 2025 पासून बंदी घातली, त्यात मुलांच्या हाती ते फार जाऊ लागले हे एक कारण होतं. आपल्या वरच्या मजल्यावरच्या मुलानं आयुष्यात सिगरेट ओढलेलीच नसते. तो सोडायला म्हणून घेत नाही, तो इथून सुरू करतो.

मग घरात सापडलं तर काय करायचं? पहिला दिवस काही करू नये. खरंच. आरडाओरडा, मोबाइल काढून घेणं, मामाला फोन करून बोलावणं, यातलं काही नाही. दुसऱ्या दिवशी, शक्यतो घराबाहेर, चालताना विचारावं. समोरासमोर बसून विचारलं की मुलाला ती चौकशी वाटते, शेजारी चालताना तो बोलतो. "का ओढतोस" हा प्रश्न टाळावा, त्याचं उत्तर त्यालाही येत नाही. "पहिल्यांदा कधी, आणि सकाळी उठल्यावर किती वेळानं लागतं" हे विचारावं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय मुरली आहे असं डॉक्टर धरतात, आणि मग "इच्छाशक्ती पाहिजे" हे भाषण पुरत नाही.

सोडायची तारीख परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशीची ठेवावी. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट जातात, पुढे दोन ते चार आठवड्यांत त्रास ओसरतो. पेपरच्या तीन दिवस आधी सोडायला लावणारे पालक दोन्ही घालवतात. त्या काळात मुलगा घरात भांडी आपटेल, उलट बोलेल. तेव्हा त्याचे संस्कार काढायला बसू नये. सवय जास्त असेल तर निकोटिनची चघळायची गोळी असते, तीही डॉक्टरांना विचारून घ्यावी. सरकारची तंबाखू सोडण्याची मोफत फोनसेवा आहे, 1800-11-2356. मनावरच्या ताणासाठी टेलि-मानस, 14416, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे आणि रात्री-अपरात्रीही लागते. आपलं जयारोग्य रुग्णालय आहे, मानसिक आरोग्यशाळा आहे. ती आपल्या गावात असल्याचं आपल्याला वर्षानुवर्षं संकोचाचं वाटत आलं. "आग्र्याला की ग्वाल्हेरला पाठवायचं?" ही चेष्टा बाहेरच्या लग्नांत आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण दुसऱ्या शहरातले लोक ज्या सोयीसाठी गाडी पकडून येतात ती आपल्या दारात आहे, आणि चेष्टेपायी आपलीच मुलं तिथे जात नाहीत, याला काय म्हणावं.

भाडेकरू मुलांविषयी आमचं मत थोडं वेगळं आहे, काहींना पटणार नाही. खोलीत व्हेप सापडला की सामान बाहेर, ही आपल्याकडची सरसकट रीत. घर आपलं, हक्क आपला, मान्य. पण ऐन सेमिस्टरमध्ये सामान बाहेर काढलेला मुलगा दोन दिवस मित्राच्या जमिनीवर झोपतो आणि मग जास्त भाड्याच्या, काहीच न विचारणाऱ्या खोलीत जातो. त्याच्या वडिलांना लगेच फोन करणं हेही आम्हाला पटत नाही. अठरा पूर्ण झालेला मुलगा आहे, आधी त्याच्याशी बोलावं. घरात ओढायचं नाही, गादीवर चार्जिंगला ठेवायचं नाही, हे ठणकावून सांगावं, आणि मग विचारावं, जेवलास का. खाणावळीच्या डब्यावर महिनोन् महिने काढणाऱ्या मुलाला रविवारी वरण-भात-तूप मिळालं तर तो पुष्कळ काही बोलतो. आमचा अनुभव आहे.

गणपतीचा मांडव आहे तेव्हा लोकमान्यांचं नाव घेतल्याशिवाय उठता येणार नाही. ते डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा प्रकृतीनं किरकोळ होते. पहिलं वर्ष त्यांनी व्यायाम करून शरीर कमावण्यात घालवलं आणि परीक्षेत मागे राहिले. एक वर्ष गेलं. आजचा काळ असता तर भिशीत त्यांचं काय झालं असतं कोण जाणे. आपल्या मुलाचं एक सेमिस्टर गेलं, एखादा पेपर राहिला, तर घरात त्या रात्री कोण काय बोलतं, यावर तो उशीखाली हात घालतो की नाही हे बरंचसं ठरतं.

वेळ संपत आली, पुढे मुलांचा नाच आहे आणि ती मघापासून पडद्याआडून बघत आहेत. उद्या आणि परवा आरतीनंतर आम्ही दोघं कार्यालयाच्या मागच्या खोलीत तासभर बसणार आहोत. कुणाला काही विचारायचं असेल तर यावं. नाव लिहून घेणार नाही, घरी सांगणार नाही. आई-बाबांनी मुलांना पाठवताना सोबत येऊ नये, प्रसाद घेऊन बाहेर थांबावं.